वाईट दिवशी काय खायचं, ते आधी ठरवू

प्रिय मावशी,

मी 43 वर्षांची, बार्शी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर चाकणला कंपनीत असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. घरी मी, दोन मुलं आणि सासूबाई. दीड वर्षापासून माझी नैराश्याची औषधं चालू आहेत. जूनमध्ये तपासणी केली तर उपाशीपोटी साखर 112 आली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.1 आणि हिमोग्लोबिन 9.8. डॉक्टर म्हणाले, प्रीडायबेटिस आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, खाणं सांभाळा. आहाराचा चार्ट आणला. सकाळी मेथीचं पाणी, मग ओट्स, दर दोन तासांनी काहीतरी, रात्री किनोआ. आठवडाभर कसाबसा पाळला. मग एक सकाळ अशी आली की अंथरुणातून उठवेना. त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. आता डबा बऱ्याचदा तसाच परत येतो, दिवसभर नुसता चहा होतो, आणि रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवते. मग स्वतःचीच लाज वाटते. रात्रीच्या मिर्टाझेपिनच्या गोळीनं वजन वाढतं असं मैत्रीण म्हणाली, म्हणून ती गोळी तीन आठवड्यांपूर्वी बंद केली. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, मन घट्ट कर. त्यांनाही साखर आहे, वर्षानुवर्षं गोळ्या घेतात. आमचं घर माळकरी, दोन्ही एकादशा असतात. कधी कधी वाटतं, एवढं सांभाळून तरी काय करायचंय. मला अगंतुगंच करा.

तुमची,
थकलेली

अगं,

साखरेच्या आकड्यांचं नंतर बघू. आधी मला तुझ्या त्या वाक्याबद्दल बोलायचंय, 'एवढं सांभाळून तरी काय करायचंय.' हे नुसत्या थकव्यातून आलं असेल, किंवा त्याच्या आत मरणाचा विचारही असेल. मी सरळच विचारते. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जगूच नये असं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का? उत्तर 'हो' किंवा 'कधी कधी' असेल तर हे पुढचं वाचणं थांबव आणि 14416 ला फोन लाव. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. आणि मिस्टरांना आजच सांग. पंधरा दिवस थांबू नकोस. रजा टाकून येतील ते.

उत्तर 'नाही' असलं तरी दुसरा फोन उद्याच करायचा आहे, तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांना. मिर्टाझेपिननं भूक आणि वजन वाढतं हे तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही, बऱ्याच जणांना तो त्रास होतो. पण त्यावरचा उपाय डॉक्टरांकडे आहे. नैराश्याची सगळीच औषधं वजन वाढवत नाहीत, काहींचा तो परिणाम कमी असतो, काहींचा जवळजवळ नसतोच. डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते. अशी गोळी एकदम बंद केली की झोप उडते, चिडचिड होते, चक्कर येते, आणि पुढं आजार पुन्हा डोकं वर काढायची भीती असते. हे तीन आठवडे तुला जास्त जड गेले असतील तर त्यामागं हेही कारण असू शकतं. आता मनानंच पुन्हा सुरूही करू नकोस. फोनवर एवढंच सांग: 'मी गोळी बंद केली, कारण मला साखरेची भीती वाटते. प्रीडायबेटिस निघालाय. दुसरं काही देता येईल का?' रागावतील असं वाटत असेल, पण हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारतं. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असू देत. साखरेच्या डॉक्टरांना तू नैराश्याबद्दल सांगितलंयस का, ते पत्रात कुठंच आलेलं नाही. सांगितलं नसशील तर सांग.

मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं अशी पत्रं वाचून माझं एक ठाम मत झालंय. नैराश्यावरचे उपचार सोडून साखरेच्या मागं लागणाऱ्या बाईची साखर आटोक्यात येत नाही. मन खचलेलं असलं की झोप मोडते, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि त्यानं साखर वर जाते. हालचाल थांबते. स्वयंपाक करावासा वाटत नाही, आणि पटकन बरं वाटावं म्हणून हात गोडाकडेच जातो. उलट साखर बिघडली की मनही आणखी खालावतं. म्हणून तुझी मनाची गोळी हाही तुझ्या साखरेच्या पथ्याचाच भाग समज.

आता तो चार्ट. फ्रिजवर लावला असशील तर काढून टाक. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रोज सकाळी उठून चार वेगळे पदार्थ करू शकणाऱ्या बाईसाठी तो लिहिलेला आहे, आणि या वर्षी तुझी तशी स्थिती नाही. तुझं पथ्य तुझ्या सगळ्यात वाईट दिवसावरून ठरायला हवं. ज्या दिवशी अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, त्या दिवशी जे जमेल तेवढंच नियमात घ्यायचं. बऱ्या दिवशी जास्त जमलं तर उत्तम.

मग वाईट दिवशी काय खाशील? तू सोलापूर जिल्ह्यातली आहेस, तुझ्याकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आहे. कडक भाकरी. डब्यात कितीतरी दिवस टिकते, गॅस पेटवावा लागत नाही. एक कडक भाकरी वाटीत मोडायची, वर वाटीभर दही, त्यावर शेंगांची चटणी, आणि जमलं तर हातानंच फोडलेला कांदा किंवा एक काकडी. झालं जेवण. किनोआपेक्षा हे तुझ्या पोटाला आणि खिशाला जास्त मानवेल. दह्यातली आणि शेंगदाण्यातली प्रथिनं न् स्निग्धांश यांमुळे भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते. फक्त एक ध्यानात ठेव, ज्वारी झाली तरी तिची शेवटी साखरच होते. 'भाकरी चालते' म्हणून तीन-तीन खाल्ल्या तर साखरेचा आकडा खाली येणार नाही.

भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे यांची एक बरणी पर्समध्ये, एक ओट्यावर, अगदी त्या बिस्किटांच्या जागी. बिस्किटं मुलांसाठी आणावी लागत असतील तर छोटे पुडे आण आणि सासूबाईंच्या खोलीतल्या कपाटात ठेव. रात्री अकराला त्यांचं दार वाजवून कुणी बिस्किटं मागत नाही.

पण त्या पुड्याचं खरं कारण रात्री नाही, ते दुपारी आहे. डबा तसाच परत येतो म्हणजे संध्याकाळपर्यंत पोटात चहाशिवाय काही नसतं. मग रात्री शरीर हिशेब पुरा करतं. त्यात तुझ्या चारित्र्याचा काही संबंध नाही, म्हणून लाज वाटून घेऊ नकोस. आदल्या रात्री पुडा संपला तरी दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करायची नाही. उपाशी राहिलीस की रात्री पुन्हा तेच होईल. शाळेत मुलं खिचडीच्या पंगतीला बसतात तेव्हा तूही तिथंच असतेस. तेव्हाच डबा उघड. मुलांबरोबर चार घास जातात, स्टाफरूममध्ये एकटीला जात नाहीत. डब्यात पोळी-भाजीऐवजी काही दिवस नुसती मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी घेऊन बघ. आधी उसळ संपवायची, मग भाकरी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि त्याला वेगळी मेहनत लागत नाही.

चहाचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला तिथंच मोठी जागा दिसते. दिवसाला पाच चहा आणि कपात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे होतात, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. चहा सोडू नकोस, ती तुझ्या दिवसातली एकुलती एक ऊब असेल. या आठवड्यात दीड चमचा, पुढं एक, मग अर्धा. जीभ सवय लावून घेते. गुळाचा चहा करून सुटका नाही, गुळानंही साखर तशीच वाढते. मेथीचं पाणी, कारल्याचा रस हे ज्यांना झेपतं त्यांनी प्यावं. तुझ्या सकाळी आधीच कठीण आहेत, त्यात कडू घोट कशाला?

एकादशी. श्रद्धेच्या मध्ये मी येणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि वर बटाटा. महिन्यातून दोनदा दोन्ही वेळा ताटभर खिचडी तुला परवडणार नाही. शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर, नाहीतर दही आणि राजगिरा, आणि तेही वेळेवर. निर्जळी उपास मात्र सध्या नको. सासूबाईंच्या गोळ्या असतील तर त्यांनीही उपासाबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं, काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते.

सासूबाईंचं आलंच आहे तर सांगते. 'मन घट्ट कर' हे ऐकून तुला काय होतं ते मला कळतं. त्यांच्याशी नैराश्याबद्दल वाद घालत बसू नकोस, त्यात तुझी ताकद जाईल. त्यांना काम सांग. 'आई, रोज रात्री मूठभर मटकी भिजवाल का? सकाळी उपसून मोड यायला फडक्यात बांधाल का? तुमच्या साखरेलाही चांगली.' हे त्या आनंदानं करतील असं मला वाटतं. घरात दोघींचं पथ्य एकच असेल तर तुझ्यासाठी वेगळं शिजवायचा प्रश्नच येत नाही. मुलांनाही तेच. मिस्टरांना रोज रात्री नऊला फोन करायला सांग, आणि तो फोन तू जेवून उठल्यावर अंगणात फिरता फिरता घ्यायचा. दहा मिनिटं पुरेत. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते ओढून घेतात. पाऊस असेल तर घरातल्या घरात, पडवीत. बोलणं झालं नाही तरी चालेल, ते काहीतरी सांगत राहतील.

तुला हे थोडं वाटेल. 'एवढ्यानं काय होणार?' अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, तीन हजारांहून जास्त लोकांचा, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. त्यातल्या एका गटाला दिलेलं उद्दिष्ट होतं वजन सात टक्के कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटात ते 31 टक्क्यांनी घटलं. सात टक्के म्हणजे 70 किलोच्या बाईसाठी पाच किलो, तेही सावकाश. चेन्नईतही भारतीय लोकांवर असाच अभ्यास झाला, 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आपल्याकडे फायदा कमी दिसला, पण जीवनशैलीनं 28 टक्क्यांच्या आसपास घट तिथंही झाली. डॉक्टर कधी मेटफॉर्मिन सुचवतील, तर ती हार समजू नकोस. खाणं सांभाळायची ताकद नसेल अशा काळात तिचा आधार घेता येतो.

आणि एकटी नाहीस तू. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 13.6 कोटी लोक प्रीडायबेटिसमध्ये निघाले. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, त्या पट्ट्यात तू साधारण मधोमध आहेस. इथून मागं फिरता येतं.

शेवटची गोष्ट तुझ्या हिमोग्लोबिनची. 9.8 हा आकडा कुणी मनावर घेतलेला दिसत नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. त्यामागं लोहाची कमतरता असू शकते, आणि लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणजे तुझा 6.1 हा तितका पक्का नसेल. उपाशीपोटीची 112 मात्र आहेच, म्हणून पथ्य सोडायचं नाही. पण लोह कमी असल्यानं दमायला होतं. माळकरी घरात बी-12 सुद्धा कमी असण्याची शक्यता असते, आणि थायरॉइड मंदावला तरी माणूस उदास आणि सुस्त होतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांग: फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा. पाळी जास्त जात असेल तर तेही बोल, लाजू नकोस. मेटफॉर्मिन सुरू झालं तर बी-12 अधूनमधून बघावं लागतं, तेही विचारून ठेव. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करायचा, त्याच्या आधी नको, कारण तो साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. तोवर घरी रोज बोट टोचून बघत बसू नकोस, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

तुझी,
मावशी