आधी फिरता पैसा, मग मशीन

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. दाळ मिलचं सॉर्टेक्स, म्हणजे दाणा निवडायचं मशीन, बदलू का दुसरा प्लँट टाकू एवढंच विचारायलीस, अन् पार्ट्यांकडं किती पैसे अडकलेत ते एका ओळीत उरकलंस. अगं, खरा धंदा त्या ओळीतच आहे! आधी फिरता पैसा, मग मशीन.

पीएमएफएमईची, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांच्या केंद्राच्या योजनेची, 35 टक्के सबसिडी सगळ्यांना दिसते, 10 लाखापर्यंत मिळते हे खरंय, पण ती तुझ्या गल्ल्यात येत नाही, तीन वर्षं बँकेतच राहते अन् मग कर्जात वळती होते. जानेवारीत तूर आडतीवर आली की तिथं नगदी पैसा लागतो. तूर रोखीनं घ्यायची अन् दाळ हैदराबाद-पुण्याच्या व्यापाऱ्याला उधारीवर द्यायची, ह्या मधल्या दिवसांत मिल बसते, मशीन जुनं झालं म्हणून नाही बसत.

2015 ला दाळ 200 रुपये किलोवर गेली तेव्हा माझ्या ओळखीतले लोक प्लँट वाढवायला पळाले अन् मला भित्रा म्हणले. 2016-17 च्या सीझनला तूर क्विंटलला 5050 च्या हमीभावाच्या खाली आली. ज्यांचा पैसा लोखंडात गेला ते नुसते बघत बसले, मी गोदाम भरलं. भित्र्याचं काम आहे का हे? तेव्हापासून मी ह्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही, तुझंही ऐकणार नाही. आधी फिरता पैसा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच कर, फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नको. तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. 2006 च्या एमएसएमई म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्यानं 45 दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. बिलावर हे छापलेलं असलं की समोरचा मुनीम फोन उचलतो. मला एका मोठ्या पार्टीनं वर्षभर झुलवलं, त्या साली लेकीच्या ॲडमिशनला दुसऱ्यापुढं हात पसरावा लागला, ते अजून मनातून जात नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढा ओरडायलोय.

अन् मिस्त्रीचा पगार वाढवायला कसला विचार करायलीस गं? तो रोलरचा नुसता आवाज ऐकून सांगतो एमरी, म्हणजे रोलरवरचा खरखरीत थर, घासली म्हणून. वाळवणातला दाणा दाताखाली धरतो, कट्ट वाजला नाही तर ती तूर परत उन्हात. तो शेजारच्या मिलला गेला की तुझा तुकडा अन् चुनी, म्हणजे दाळीचा बारीक चुरा, वाढणार, अन् सॉर्टेक्स खराब दाणा बाजूला काढतं, तुटलेली दाळ जोडून देत नाही. ह्याच महिन्यात दे वाढवून.

रविवारी सकाळी घरी ये, जेवायलाच ये. कोणाकडं किती अन् कधीपासून अडकलंय ते नावानिशी लिहून आण, बँकेच्या सीसीतले, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातले, किती वापरलेत तेही. सॉर्टेक्सचं कोटेशन आणू नको, मी बघणार नाही.