भाच्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत पैसे घालताना

प्रश्न : अडत दुकानं आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं यांच्यासाठी भाच्यानं ऑनलाइन सॉफ्टवेअर केलंय. हिशेबपट्टी, तोलाई-हमाली, साठ्याच्या नोंदी सगळं त्यात होतं. आजवर बाहेरचा एक रुपया घेतलेला नाही. १२० ग्राहक, प्रत्येकी महिना २,००० रुपये अधिक जीएसटी. आता २० लाख मागतोय, बदल्यात १० टक्के शेअर देतो म्हणतो. घालावेत का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : १० टक्क्यांना २० लाख म्हणजे तुमचे पैसे धरून कंपनी २ कोटींची ठरली. वर्षाची विक्री २८.८ लाख. आता नफा काढा, आणि तो काढताना आधी भाच्याचा पगार बघा. घरच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यात मालक नावापुरता पगार घेतो आणि तेवढाच नफा फुगलेला दिसतो. समजा महिन्याचा खर्च दीड लाख आहे आणि त्यात त्याचे २०,०००. त्याच्या जागी माणूस ठेवायचा तर ७०,००० लागतील. म्हणजे ९०,००० चा नफा ४०,००० वर आला. वर्षाचे ४.८ लाख, सुमारे २५ टक्के कंपनीकर जाऊन ३.६ लाख, त्यात तुमचे ३६,०००. २० लाखांवर १.८ टक्के, तेही सगळा नफा वाटला तर. लाभांशावरचा तुमचा प्राप्तिकर वेगळाच. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते.

म्हणजे पैसे घालायचे ते वाढीच्या भरवशावर, आणि वाढ अडते ती गळतीपाशी, म्हणजे ग्राहक सोडून जाण्यापाशी. दरमहा ६ नवे ग्राहक येतात आणि ५ टक्के सोडून जातात असं धरा. १२० चे ५ टक्के सहाच. आले तेवढे गेले, धंदा १२० वर अडकला. जाहिरातीवर पैसा ओतून ६ चे ९ केले तरी १८० च्या वर जाणार नाही. गळती २ टक्क्यांवर आणली तर मात्र त्याच ६ नव्या ग्राहकांवर तो ३०० पर्यंत पोचतो. तुमचे २० लाख यातल्या कशावर खर्च होणार, हे भाच्याकडून लेखी घ्या.

गळतीचा आकडा तोंडी ऐकू नका. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन वसुली करून देणाऱ्या सेवेचा) २४ महिन्यांचा अहवाल, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) आणि बँकेचा खातेउतारा मागवून तिन्ही जुळवा. १८ टक्के जीएसटी विक्रीत मोजलेला नाही ना, हे बघा. वर्षाचे २४,००० एकदम आले असतील तर ते १२ महिन्यांवर पसरा. नवा बेदाणा आणि हळद यांची आवक उन्हाळ्याच्या आसपास एकत्र येते, दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद ठेवून उधारी मिटवली जाते. त्यामुळे नुसत्या मार्च-एप्रिलच्या आकड्यांवरून सरासरी सांगितली तर मान डोलावू नका.

एक गळती अशीही असते की ग्राहकाला जायचंच नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप होणारी वसुली साधारण १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपी किंवा पिनशिवाय होते. वार्षिक वर्गणी जीएसटीसह २८,३२० होते, म्हणजे दर वर्षी ओटीपी किंवा पिन आला. सौद्याच्या गडबडीत अडत्या तिकडे बघत नाही, वसुली फसते आणि महिन्याभरानं तो 'सोडून गेला' म्हणून मोजला जातो. तिमाही ७,०८० ची वसुली ठेवली की हे संपतं. भाच्याला हे माहीत आहे का, एवढं विचारून बघा. त्याच्या तयारीची कल्पना येईल.

शेवटचा मुद्दा सुटकेचा. पुढचा गुंतवणूकदार शोधायची ज्या कंपनीला गरजच नाही, तिच्यातले तुमचे १० टक्के विकत घेणार कोण? प्रायव्हेट लिमिटेडच्या शेअरला बाजार नसतो. म्हणून करारात आणि कंपनीच्या नियमावलीतही लिहून घ्या : करानंतरच्या नफ्यातला ठरावीक हिस्सा दर वर्षी लाभांश, मालकाच्या पगाराला कमाल मर्यादा, आणि ठरावीक वर्षांनंतर ठरलेल्या सूत्रानं तुमचे शेअर विकत घेण्याची भाच्यावर वैयक्तिक जबाबदारी. हे मान्य नसेल तर किंमत कितीही उतरवली तरी सौदा करू नये, असं आमचं मत.

प्रश्न : शेअर नकोत, कंपनीला सरळ १० लाख उसने दिले तर? मीही मामाच आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : तिथंच अडचण आहे. प्रायव्हेट कंपनीला संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, पण कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आई-वडील, पती-पत्नी, मुलं, मुलगा-मुलीचे जोडीदार, भाऊ-बहीण (आणि एकत्र कुटुंब असेल तर त्याचे सदस्य) एवढेच येतात. मामा नाही. तुमचे पैसे 'ठेव' ठरतील आणि कंपनी गोत्यात येईल. तुमची बहीण, म्हणजे भाच्याची आई, स्वतःच्या पैशातून देऊ शकते. उसने घेऊन दिलेले चालत नाहीत, तसं लेखी द्यावं लागतं. कन्व्हर्टिबल नोटही (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) जमणार नाही, कारण ती फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपला काढता येते आणि एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख लागतात. एक वाट आहे ती सक्तीनं रूपांतरित होणाऱ्या प्रेफरन्स शेअरची (लाभांशात आधी हक्क असलेले, पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारेच शेअर). त्यात पैसे वेगळ्या बँक खात्यात भरा आणि ६० दिवसांत शेअर मिळाले की नाही ते बघा. नाही मिळाले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

प्रश्न : ज्या कंपनीत पैसे घालायचे आहेत तिचं सॉफ्टवेअर कोल्हापूरच्या एका फ्रीलान्सरनं लिहिलंय. बिलं पूर्ण चुकती केली आहेत. एवढं पुरे ना?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा, पण फ्रीलान्सरनं लिहिलेला त्याचाच राहतो, पैसे दिले तरी. हक्क कंपनीकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार हवा. आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्षभर हक्क वापरले नाहीत तर ते परत जातात, म्हणून 'हे कलम लागू नाही' असंही लिहून घ्या. डोमेन, सर्व्हर आणि पेमेंट गेटवेची खाती कंपनीच्या ईमेलवर आहेत का बघा. मग कंपनीतल्या दुसऱ्या कुणाला तरी कोरा सर्व्हर देऊन, फ्रीलान्सरला फोन न करता, बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करायला सांगा. दिवसाभरात जमलं नाही तर चेक लिहू नका.