नानांची कुऱ्हाड

प्रिय ओवी,

तुझ्या अमेरिकेतल्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल झालं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव, दिवे मालवून तुम्ही कोपऱ्यात गप्प बसलात, हे तू फोनवर जिजीला सांगितलंस. जिजी म्हणाली, "आपल्याकडे असलं नसतं माय, आपले संस्कार वेगळे." त्यावर तू मला विचारलंस, "मग दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा का करतो?" मी "झोप आता" म्हणालो, पण प्रश्न लागला.

अमळनेरकडच्या आपल्या घरात शस्त्रं म्हणजे विळे, पांभरीचे फण आणि नानांची कुऱ्हाड. मी ती राखेनं घासायचो, जिजी पात्याला हळदकुंकू लावायची, बाभळीच्या दांड्याला झेंडू बांधायची. मग दिवसभर तिला कुणी हात लावायचा नाही. मला हे फार आवडायचं. तुला आवडायलाच हवं असं नाही.

तीच कुऱ्हाड नानांनी एकदा बांधाच्या भांडणात उचलली. समोर त्यांचा चुलतभाऊच. आणि नाना काही अडाणी नव्हते. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्याच अमळनेरच्या शाळेत शिकलेले. शिक्षण त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे! जिजी धावत मध्ये शिरली, दांडा धरला, "आते बस व्हयनं!" म्हणून ओरडली. दोघं बराच वेळ शिव्या देत उभे राहिले, मग नाना ओट्यावर जाऊन बसले. हातात पिस्तूल असतं तर जिजीला धावायला वेळ मिळाला असता का?

म्हणून संस्कारांचं मला पूर्ण पटत नाही. मध्ये पडणारी माणसं होती, हे खरं. पण बंदूकच नव्हती, हेही खरं. 1959 च्या कायद्यानं परवान्याशिवाय ती ठेवता येत नाही. 2017 च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे लोकांच्या घरी 120 बंदुका, भारतात पाचेक. आणि जिजीला सांगू नकोस, पण चोपड्यापलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे गावठी कट्टे, म्हणजे घरगुती पिस्तुलं, जळगाव जिल्ह्यात पकडल्याच्या बातम्या तीही चहाबरोबर वाचतेच.

यंदा पूजेत काय मांडायचं ते तू ठरव. सायकल चालेल, स्क्रूड्रायव्हर चालेल. काहीच नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही. थोडं वाईट वाटेल, इतकंच.

आणि शनिवारी मैत्रिणीकडे राहायला जाण्याआधी मी तिच्या आईला विचारणार आहे, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात असते का. तुला लाज वाटेल, माहीत आहे. तरी विचारणार.

— बाबा