ट्रॅककडचा पालक, रविवारची सुरमई आणि जरा जास्तच पिवळी हळद

मागच्या अंकात शिसं, कॅडमियम आणि पारा हे जड धातू जेवणात कुठून येतात यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, आणि त्यातली बहुतेक आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातलीच. सगळी घेता येणार नाहीत, नेहमी येणारे प्रश्न घेतेय.

ताई, मी कळव्याला राहते. स्टेशनबाहेर संध्याकाळी ट्रॅककडच्या मळ्यातला पालक आणि लाल माठ मिळतो, ताजा असतो आणि स्वस्तही. मी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते, मग खायचा सोडा घालून धुते. एवढं पुरे का?

अर्धं काम होतं, अर्धं नाही. पालेभाजीत धातू दोन वाटांनी येतो. एक वरून, म्हणजे रस्त्याची धूळ, उडालेला चिखल वगैरे, आणि शिसं जास्त करून असंच पानाला चिकटून येतं कारण मुळातून ते फारसं वर चढत नाही. हे धुतल्याने बऱ्यापैकी जातं, फक्त भिजत ठेवण्यापेक्षा वाहत्या नळाखाली एकेक पान चोळून धुवा, देठ जुडीला जिथे जोडलेले असतात तिथे माती अडकून बसते तो भाग सरळ कापून टाका. दुसरी वाट मुळातून, आणि तिथला भिडू कॅडमियम. प्लेटिंगचे (धातूवर मुलामा चढवायचे) छोटे कारखाने, जुन्या बॅटऱ्या, रंग यातून तो नाल्यात येतो, नाल्याच्या पाण्यावर मळा असेल तर झाड तो पाण्याबरोबर ओढून थेट पानात नेऊन ठेवतं. आता तो पानाच्या आत आहे म्हटल्यावर तुम्ही मीठ घाला, सोडा घाला, व्हिनेगर घाला, काय फरक पडणार? शिजवूनही जात नाही, धातू आहे तो, उकळून उडून जायला काही वास नाहीये.

कॅडमियम किडनीत साठतो आणि निम्मा बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, त्यामुळे एका जुडीने काही होत नाही, रोजच्या सवयीने होतं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि वर्षानुवर्षं तोच भात खाणाऱ्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराला नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय दुखतंय'. सरकारने कारण मान्य केलं 1968 ला. कळव्यात तसं होईल असं मी म्हणत नाहीये, तिथला डोस फार मोठा होता.

मळेवाल्यांवर राग काढण्यातही अर्थ नाही, रेल्वेने स्वतःच 'ग्रो मोअर फूड' योजनेत रुळांकडेच्या जमिनी लागवडीला दिल्या होत्या. तुम्ही एवढं करा की एकाच भाजीवालीकडून रोज पाला घेऊ नका. आठवड्यात भेंडी, दुधी, दोडका जास्त ठेवा, फळभाजीत पानापेक्षा धातू कमी उतरतो. आणि हिमोग्लोबिन तपासा. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम आणि शिसं दोन्ही जास्त शोषतं, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन धड असतं ते सांगायला नको.

ऐरोलीहून लिहितोय. सुनेला पाचवा महिना आहे, आमच्याकडे रविवारी सुरमई ठरलेली आणि खाडीच्या तिसऱ्याही (शिंपल्या) येतात. मुलगा म्हणतो मासे बंद करा, माझी बायको म्हणते मासे खाल्ले तर बाळ हुशार होतं. कोणाचं ऐकू?

काका, थोडं दोघांचंही. मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3 त्यातच आहे. फक्त मासा बदला. पाण्यात पाऱ्याचा मिथाइल मर्क्युरी होतो, म्हणजे पाऱ्याचं अंगात सहज शोषलं जाणारं रूप, तो छोट्या माशातून मोठ्या माशात असा वर वर साठत जातो, म्हणून जितका मोठा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा मासा तितका पारा जास्त. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाच्या, गरोदर बायकांसाठीच्या 'टाळा' यादीत शार्क आणि किंग मॅकरेल आहेत, आणि आपली सुरमई किंग मॅकरेलच्याच कुळातली, मुशी तर शार्कच. पारा मांसातच बसलेला असतो त्यामुळे कातडी काढून, हळद-मीठ लावून, कडक तळून काहीही फरक नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी मस्त चालेल. सुरमई बाळंतपणानंतर, आणि तीही मोठ्या धुडाची नको, लहान बघून घ्या.

तिसऱ्यांचं मात्र मी सरळ नाही म्हणेन. शिंपल्यातला जीव दिवसभर पाणी गाळतच बसलेला असतो, पाण्यात जे असेल ते त्याच्यात साठतं, आणि ठाणे खाडीच्या एका काठाला अख्खा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. जंतूंचा धोका वेगळाच. जपानच्याच मिनामाताला कारखान्याने समुद्रात पारा सोडला होता, आजार उघडकीला आला 1956 ला, आणि तिथे कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता पण पोटातल्या बाळांचे मेंदू गेले. म्हणून नऊ महिने कडक राहा, बाकी वेळी एवढा धसका नको.

सुटी हळद खूप पिवळी दिसते. यूट्यूबवर ग्लासात पाणी घेऊन टेस्ट दाखवतात, ती खरी का? की हळकुंडं आणून दळून घेऊ? (नेरूळ)

ग्लासाची टेस्ट वरून मिसळलेल्या रंगासाठी ठीक आहे, शिसं किती ते त्यात कळत नाही. आणि हळकुंडांवर एवढा विश्वास नको, कारण लेड क्रोमेट नावाची शिशाची चकचकीत पिवळी पावडर बऱ्याचदा हळकुंडं पॉलिश करतानाच चोळतात, मग दळलं घरी काय आणि गिरणीत काय. बांगलादेशात हे एवढं चाललं होतं की 2019 ला बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, मग सरकारने धाडी घातल्या, दंड केले आणि 2021 पर्यंत तो आकडा शून्यावर आला. म्हणजे मनात आणलं तर होतं!! तुम्ही अ‍ॅगमार्कचं पाकीट घ्या, नाहीतर सांगलीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची, ती मळकट, खरबरीत दिसते, दिसू दे.

आईची जुनी हिंडालियमची कढई आहे, आमटी त्यातच होते. टाकू का?

हिंडालियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, कढई कोणत्या भंगारातून ओतलीय ते कळायला मार्ग नाही, प्रश्न तिथेच आहे. अशा काही भांड्यांतून जेवणात शिसं उतरतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2025 मध्ये इशारा दिलाय. चिंच, कोकम, टोमॅटो यांनी ते जास्त सुटतं, त्यात आमटी रात्रभर तशीच ठेवली तर आणखी. आमटी स्टीलमध्ये करा. कढई आठवण म्हणून माळ्यावर राहू दे.

घणसोलीत एक जण 'मेटल डिटॉक्स' कोर्स देतो, कोथिंबिरीचा रस आणि गोळ्या. मुलाला देऊ का?

नाही. गोळ्या तर त्यांत काय आहे ते कळल्याशिवाय अजिबात घेऊ नका, काही रसौषधींमध्ये (धातू घालून केलेल्या आयुर्वेदिक औषधांमध्ये) पारा आणि शिसं घटक म्हणूनच असतात. शंका असेल तर मुलांच्या डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासा, साधी रक्ततपासणी आहे. डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा वर आलं तर ते कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असं डब्ल्यूएचओ सांगते, अमेरिकेत तर 3.5 लाच सावध होतात. धातू बाहेर काढायची खरी औषधं असतात पण ती आकडा बराच वर गेला तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर मुलाला नाचणी, दूध, गूळ-शेंगदाणे द्या आणि घराचा जुना रंग सुटत असेल तर ती भिंत आधी बघा, कारण लहान मुलांच्या पोटात शिसं जेवणाइतकंच हाताला लागलेल्या धुळीतूनही जातं.