वाचक विचारतात: मोढेऱ्याचा रिकामा गाभारा आणि आपली कानबाई

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गुजरातला गेलो होतो, तिथे मोढेऱ्याचं सूर्यमंदिर बघितलं. काम एवढं भारी की नजर हटत नाही, पण गाभारा रिकामा. पुजारी नाही, घंटा नाही, दिवा नाही. आईनं हळद-कुंकू आणि फुलं नेली होती ती तशीच परत आणावी लागली, तिला फार चुटपुट लागली. तिथे खरंच पूजा व्हायची का? आणि मग बंद का पडली?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, आईंना आधी सांगा की फुलं नेली ते बरोबरच केलं, ती जागा पूजेचीच आहे. हे मंदिर सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळातलं. गाभाऱ्याच्या पश्चिमेच्या भिंतीत एका दगडावर विक्रम संवत १०८३ कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १०२६-२७, गझनीच्या महमूदानं सोमनाथ लुटलं त्याच्या लगेच नंतरचं. गंमत अशी की तो दगड उलटा बसवलाय, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हे साल बांधकामाचं नसावं, दगड नंतर कधीतरी दुरुस्तीत तिथे आला असावा. पण मंदिर अकराव्या शतकातलं याबद्दल वाद नाही.

पूजा कशी चालायची ते मंदिराच्या मांडणीतच दिसतं. पूर्वेकडून आलं की पहिल्यांदा लागतं ते कुंड, अंदाजे १७६ फूट लांब आणि १२० फूट रुंद, पायऱ्या-पायऱ्यांचं, आणि त्या पायऱ्यांवर १०८ छोटी देवळं, त्यात गणपती आहे, विष्णू आहे, शीतळामाता आहे. म्हणजे आधी आंघोळ, मग या देवांना नमस्कार करत वर यायचं, मग ५२ खांबांचा सभामंडप, तिथे नाच-गाणं, पुराण-कीर्तन व्हायचं असं मानतात, आणि त्याच्या पलीकडे गूढमंडप, म्हणजे बंदिस्त मंडप, नि गाभारा. सगळं एका सरळ रेषेत पूर्वेकडे तोंड करून, आणि दिवस-रात्र समान असतात तेव्हा उगवतीचं ऊन थेट आत जावं अशी योजना. सूर्याची पूजा शास्त्रात तीन वेळची, सकाळ, दुपार, संध्याकाळ, त्याला रक्तचंदन, तांबडी फुलं, कण्हेर, कमळ, आणि अर्घ्य तर हवंच. माघ शुद्ध सप्तमीला, आपण रथसप्तमी म्हणतो त्या दिवशी, मोठा उत्सव.

पुढे आक्रमणांत मोडतोड झाली, शिखर गेलं, मूर्ती गेली. आणि आज पूजा का करू देत नाहीत, तर पुरातत्त्व खात्याचा नियम असा आहे की वास्तू संरक्षित म्हणून ताब्यात घेतली तेव्हा तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहते, नसेल तर नव्यानं सुरू करता येत नाही. मोढेऱ्यात तेव्हा पूजा नव्हती. ओडिशातल्या कोणार्कच्या सूर्यमंदिराचंही तसंच. तेराव्या शतकात राजा नरसिंहदेवानं बांधलेलं, २४ चाकांचा दगडी रथ, तिथेही गाभाऱ्यात देव नाही. पण माघ सप्तमीला पहाटे जवळच्या चंद्रभागा किनाऱ्यावर जाऊन बघा, लाखो लोक समुद्रात उतरून उगवत्या सूर्याला पाणी देतात. देऊळ ओस पडलं तरी लोक यायचे थांबले नाहीत, मला हे फार मोठं वाटतं.

प्रश्न : मोढेऱ्याच्या भिंतीवरच्या सूर्याच्या पायात चक्क बूट आहेत! देवाला बूट कसे? गाईडनं नीट सांगितलं नाही.
— एक वाचक, चोपडा

उत्तर : गुडघ्यापर्यंत येणारे बूट, कमरेला पट्टा, दोन्ही हातात कमळं, हा उत्तरेकडचा सूर्य. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत लिहून ठेवलंय की सूर्याला उदीच्य वेश द्यावा, म्हणजे उत्तरेकडच्या लोकांचा पोशाख, आणि त्याची प्रतिष्ठापना 'मग' नावाच्या ब्राह्मणांकडून करवून घ्यावी. हे मग म्हणजे इराणच्या बाजूनं आलेले सूर्याचे पुजारी. पुराणात त्याची गोष्ट अशी आहे की श्रीकृष्णाचा मुलगा सांब याला कुष्ठरोग झाला, त्यानं चंद्रभागेच्या काठी सूर्याची उपासना केली, बरा झाला, देऊळ बांधलं, पण पूजा करायला योग्य माणूस मिळेना म्हणून शाकद्वीपातून मगांची १८ कुटुंबं आणली. दक्षिणेत गेलं की सूर्य अनवाणी होतो आणि कमळं खांद्यापर्यंत वर धरलेली असतात.

प्रश्न : आपल्या खानदेशात असं मोठं सूर्यमंदिर का नाही? माझी आजी रोज सकाळी तांब्या हातात द्यायची, "सूर्यदेवले पानी दे" म्हणायची, पण देवळात कधी नेलं नाही. आणि कानबाईचा सूर्याशी काही संबंध आहे असं ऐकलं, ते खरं का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ताई, मोढेऱ्याच्या तोलाचं देऊळ आज आपल्याकडे उभं नाही हे खरं, पण आपण राहतो सूर्याच्या मुलीच्या काठावर हे विसरू नका. तापी ही सूर्य आणि छाया यांची मुलगी, आषाढ शुद्ध सप्तमी हा तिचा जन्मदिवस, आणि तिथीसुद्धा बापाचीच, सप्तमी. महाभारताच्या आदिपर्वात तिची पूर्ण कथा आहे, राजा संवरण तिच्या प्रेमात पडतो, वसिष्ठ सूर्याकडे जाऊन तिला मागणी घालतात, आणि त्यांचा मुलगा कुरू. ज्या कुरूच्या नावानं कौरव झाले त्याची आई आपली तापी, म्हणूनच गंधर्व अर्जुनाला "तापत्य" अशी हाक मारतो. तापीकाठच्या प्रकाशा गावी किंवा कुठल्याही घाटावर उभं राहून ओंजळभर पाणी सूर्याला देणारा माणूस लेकीचं पाणी बापाला देतोय, मला तरी यापेक्षा मोठं देऊळ सुचत नाही.

आता कानबाई, आपली खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, आणि रविवार हा सूर्याचा वार. तिच्यासोबत राणबाईचं नाव येतं. पोथीत आपल्याकडे आदित्य राणूबाईची कहाणी आहे, तीही श्रावणातल्या रविवारचीच. आणि गुजरातेत सूर्याची बायको म्हणून रांदल किंवा रन्नादे पुजतात, लग्नकार्यात, पोटुशी बाईच्या ओटभरणीत तिचे लोटे मांडतात, लोट्यावर नारळ, नारळाला डोळे लावलेले, दागिने, साडी. आता आपली कानबाई डोळ्यासमोर आणा! तोच नारळ, तेच डोळे, नथ, हार, साडी, रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. काही अभ्यासक राणबाईचं नातं याच रन्नादेशी लावतात आणि मला ते पटतं, कारण गुजरातशी आपली ये-जा फार जुनी, माणसं, माल, गाणी, देव सगळंच इकडून तिकडे होत आलं. कानबाईचं रूप मात्र पक्कं इथलं आहे, घरातल्या माणसांच्या हिशेबानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेऊन केलेले रोट, ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, कामाला सुरत-पुण्याला गेलेली पोरं त्या दिवशी गावी आलीच पाहिजेत, हे सगळं अहिराणी मातीतलं. यावर खरं तर गावोगावच्या म्हाताऱ्या बायांची गाणी लिहून ठेवायला हवीत, तुमच्या आजी असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, लवकर करा.

आणखी एक. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती आणि खगोलज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी, आणि निकुंभ राजा सोईदेवानं त्याला दान दिलं, १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. म्हणजे सूर्याची गती कशी मोजायची हे शिकवायला खानदेशात राजा पैसे देत होता.

प्रश्न : सूर्याची पूजा आजही चालू आहे अशी देवळं कुठे आहेत? आईवडलांना न्यायचंय.
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : महाराष्ट्रात राजापूर तालुक्यातलं कशेळीचं कनकादित्य मंदिर, रथसप्तमीला जा, उत्सव पाच दिवस असतो. आंध्रात श्रीकाकुलमजवळ अरसवल्ली, तिथे वर्षातून दोनदा सकाळचं ऊन मूर्तीच्या पायाशी पोचतं. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ सूर्यनार कोविल, चोळांच्या काळातलं, तिथे बाकीच्या आठ ग्रहांचीही देवळं आहेत. बिहारात देव नावाच्या गावचं सूर्यमंदिर, पण छठच्या गर्दीत वयस्कर माणसांना नेऊ नका.

मोढेराही करायचं असेल तर दोंडाईच्याहून सुरतमार्गे अहमदाबाद, मग मेहसाणा, तिथून मोढेरा २५ किलोमीटरवर आहे. जानेवारीत जा, ऊन सोसवतं, आणि त्याच महिन्यात तिथे उत्तरार्ध नृत्य महोत्सव असतो. कुंडाच्या पायऱ्या उंच आहेत, आईवडलांना वरूनच दाखवा.