पाचवीला परिसर अभ्यास पुस्तकाबाहेर कसा शिकवावा?

मी सांगलीकडच्या शाळेत शिकवते, त्यामुळं इथलंच सांगते. सुरुवात पुराच्या खुणेपासून करा. ऑगस्ट २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते घराघरात माहितीय, बऱ्याच भिंतींवर खूण अजून दिसते. टेप घेऊन पोरांना ती मोजायला लावा, घरी आजी-आजोबांना २००५ चं विचारून या म्हणावं, मग सांगा की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. मग पोरं स्वतःच विचारतात, एवढं पाणी आलं कुठनं? तिथनं कोयना, वारणा, घाटातला पाऊस सगळं ओघानं येतं.

दुसरं म्हणजे क्षारपड जमीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण हे त्यांच्याच घरच्या उसाचं दुखणं आहे. पाटानं भरमसाट पाणी दिलं, निचरा नसला, की खालचे क्षार पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उडून जातं आणि पांढरा थर तेवढा राहतो. वर्गात करून दाखवायचं तर बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात माती भरा, तो मिठाच्या पाण्याच्या ताटलीत ठेवा, आठ-दहा दिवस उन्हात. पांढरं दिसायला लागलं की एखादं पोरगं हमखास म्हणतं, बाई, आमच्या रानात अस्संच आहे!

जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागाकडं असाल तर मात्र विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून घ्या, मोठं माणूस सोबत ठेवूनच.