‘पापा नको’ म्हणणारी मुलगी उद्धट नाही

शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. अभ्यास आणि मोबाइल मागे पडतात आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी, त्यांना होणाऱ्या त्रासाविषयी पालक आणि शिक्षक लिहू लागतात. या वेळच्या पत्रांतून मी तीन निवडली आहेत. ती तीन वेगवेगळ्या घरांतून आणि गावांतून आली असली तरी मला त्यांत एकच प्रश्न दिसला: मुलाने ‘नाही’ म्हटले, तर ते ऐकून घेणारे मोठे माणूस त्याच्या आसपास आहे का?

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. माझ्या यजमानांचे मामा अधूनमधून आमच्याकडे मुक्कामाला येतात. ते मनाने चांगले आहेत, तिच्यासाठी आठवणीने खाऊ आणतात. पण आल्याबरोबर तिला ओढून मांडीवर घेतात आणि ‘आधी पापा, मग खाऊ’ म्हणतात. गेल्या वेळी तिने ‘मला नको’ म्हणून हात सोडवून घेतला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशा पोरीला एवढा ताठा? आजोबा आहेत ते.’ मीही सर्वांसमोर तिला दटावले आणि तिने पापा दिला. नंतर ती मोरीत जाऊन बराच वेळ गाल धूत होती. मोठ्यांचा मान राखून हे कसे हाताळावे? – एक आई, वाई

उत्तर: ताई, गाल धुणारी मुलगी तुम्ही पाहिलीत आणि ‘पोरखेळ आहे’ म्हणून सोडून दिली नाहीत, हे फार बरे झाले.

मामांच्या मनात काही वाईट आहे, असे मी मुळीच सुचवत नाही. त्यांच्या पिढीत लेकराला उचलून घेणे, त्याचा पापा घेणे हीच मायेची रीत होती. प्रश्न त्यांच्या हेतूचा नसून तुमची मुलगी त्या प्रसंगातून काय शिकली, याचा आहे. तिला नकोसे वाटले, ते तिने स्पष्ट शब्दांत सांगितले, हात सोडवून घेतला. म्हणजे शाळेत शिकवतात ते सगळे तिने न शिकवता केले. त्यावर तिला सर्वांत जवळच्या माणसाकडून, म्हणजे आईकडून, उत्तर मिळाले की मोठ्या माणसाला वाईट वाटणार असेल तर आपले ‘नको’ मागे घ्यायचे असते आणि त्याबदल्यात खाऊ मिळतो.

हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण मुलांचा गैरफायदा घेणारी माणसे नेमकी याच सवयीच्या आधाराने पुढे सरकतात. आपण मुलांना ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ असे बजावतो. परंतु केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यासाठी १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते, ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. आणि तो करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची, विश्वासातली होती. त्या मुलांमध्ये मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, हेही इथे सांगून ठेवते, कारण ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य मला फार वेळा ऐकावे लागते.

आता प्रत्यक्ष काय करावे? पुढच्या वेळी मामा येण्याआधी सासूबाईंशी एकांतात बोला. त्यांना चूक दाखवायला जाऊ नका. ‘आई, तिला नमस्कार करायला आवडतो, आपण तिच्याकडून नमस्कारच करवून घेऊ या’ एवढे म्हणा. मान द्यायच्या आपल्याकडे किती रीती आहेत! वाकून नमस्कार करता येतो, पाण्याचा तांब्या आणून देता येतो, शाळेत शिकलेली कविता म्हणून दाखवता येते. मामांनी हात पुढे केलाच, तर बोलण्याची जबाबदारी मुलीवर टाकू नका. ‘मामा, ती आता मोठी झाली, नमस्कार करेल हं’ हे हसतमुखाने तुम्ही म्हणा. त्यांना क्षणभर वाईट वाटेल. ते वाईट वाटणे मोठ्या माणसाला पेलते.

त्याआधी मात्र एक काम करा. मुलीला जवळ घेऊन सांगा, ‘त्या दिवशी तू नको म्हणालीस तरी मी तुला पापा द्यायला लावला, ते माझे चुकले.’ सात वर्षांच्या मुलीला हे वाक्य पूर्ण समजते.

घरात याचा सराव सहज होतो. गुदगुल्यांच्या खेळात मूल हसत हसत ‘पुरे’ म्हणाले, तरी त्याच क्षणी हात काढून घ्यायचा, हा नियम बाबांनी आणि दादानेही पाळावा. डॉक्टरांची तपासणी, आंघोळ, जखमेवर औषध लावणे अशा वेळी ‘नको’ मानता येत नाही. तेव्हा कशासाठी आणि कुठे हात लावणार, ते आधी सांगावे आणि आईने किंवा बाबांनी शेजारी उभे राहावे. आणखी एक फरक मी मुलांना नेहमी शिकवते, तो गंमत आणि गुपित यांतला. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत. ती दोन दिवसांनी सर्वांना कळणारच असते आणि कळल्यावर सगळे खूश होतात. ‘आईला कधीच सांगायचे नाही’ असे जे असते, ते गुपित. तसे गुपित कोणी ठेवायला सांगितले, मग ते कोणीही असो, की ते त्याच दिवशी आईला सांगायचे.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बदलापूरच्या घटनेनंतर आम्हाला ‘गुड टच, बॅड टच’ शिकवण्याच्या सूचना आल्या आणि आम्ही परिपाठाच्या वेळी तो विषय घेतो. काही पालकांनी ‘मुलांना नको ते शिकवता’ अशी तक्रार केली. अवयवांची नावे घेताना माझीही जीभ अडखळते. शिवाय उद्या एखाद्या मुलाने खरेच काही सांगितले, तर मी नेमके काय करायचे? – एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर: बाई, परिपाठाला पहिली ते सातवीची मुले मैदानात रांगेत उभी असतात. तिथे हा विषय घेऊ नका. वर्गात, खाली बसून, वयाप्रमाणे वेगळा आणि वर्षातून अनेकदा घ्या. त्याआधी पालकसभा बोलवा, जी चित्रे मुलांना दाखवणार ती आधी आयांना आणि वडिलांना दाखवा, आणि त्यांना बोलू द्या. माझा अनुभव असा की चित्रे पाहिल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो, आणि सभा संपल्यावर एखादी आई दाराशी घुटमळत थांबते. तिला वेळ द्या.

‘चांगला’ आणि ‘वाईट’ स्पर्श या शब्दांपेक्षा ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द मला अधिक बरे वाटतात. इंजेक्शन दुखते, पण ते सुरक्षित असते. उलट एखादा असुरक्षित स्पर्श दुखत नाही, त्याच्यासोबत लाड असतात, आणि मग ‘मला वाईट वाटले नाही, म्हणजे माझीच चूक’ असे मूल स्वतःशी ठरवून टाकते. म्हणूनच ‘नाही म्हण, तिथून निघ, सांग’ हे शिकवताना त्याच दमात हेही सांगायला हवे की नाही म्हणता आले नाही, पळता आले नाही, फार दिवसांनी सांगितले, तरी चूक तुझी नसते.

अवयवांच्या नावांची अडचण मी समजू शकते. शिश्न, योनी हे शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि तोंडाने टाळतो. पहिलीच्या मुलांसाठी ‘शू ची जागा’, ‘शी ची जागा’ चालेल. मोठ्या वर्गांत नेमके शब्द वापरा आणि ते नाक, कान, गुडघा यांच्या ओघात, त्याच सुरात घ्या. याला व्यावहारिक कारणही आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, त्यानुसार मुलाचा जबाब ते जसे बोलते तसाच नोंदवायचा असतो. ज्या मुलाकडे शब्दच नाहीत, ते ‘काका घाण वागले’ एवढेच म्हणू शकते.

एक उपक्रम सुचवते. मुलांना कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने तो गिरवायला सांगा आणि प्रत्येक बोटावर अशा एका मोठ्या माणसाचे नाव लिहायला सांगा, ज्याला ते काहीही सांगू शकतात. एका शाळेत पाचवीच्या एका मुलाने चार बोटे कोरी ठेवली होती आणि अंगठ्यावर लिहिले होते, ‘खिचडीच्या मावशी’. पोषण आहार शिजवणाऱ्या त्या बाई रोज त्याला वाढताना ‘आज गप्प का रे?’ असे विचारत असत. वर्गशिक्षकांचे नाव त्या पंजावर नव्हते. त्या दिवशी आम्ही मावशींनाही प्रशिक्षणाला बसवले. कोरी बोटे कोणाची आहेत, ते शांतपणे पाहून ठेवा.

आणि मुलाने सांगितलेच, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसा. त्याला त्याच्या शब्दांत, त्याच्या गतीने बोलू द्या. ‘आधी का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळून टाका. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे’ असे म्हणा. ‘मी हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही: अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. शाळेने आधी स्वतःची चौकशी करावी, संशयिताला मुलासमोर उभे करावे, ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून चार दिवस थांबावे, यांपैकी काहीही करू नये. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे पालकांना सांगा. पोलीस ठाण्याच्या भीतीनेच अनेक घरे मागे फिरतात. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत, चोवीस तास चालणारा मदत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे. शाळेच्या व्हॅनमध्ये आठवीची तीन मुले त्याला रोज ‘भोपळ्या’ म्हणतात, डबा काढून घेतात, बॅग मागे फेकतात. सकाळी त्याच्या पोटात दुखते. मी म्हणालो, एकदा एक ठेवून दे, पुन्हा नादी लागणार नाहीत. त्याने ते केले नाही आणि आता तो मला काही सांगतच नाही. मी चुकलो का? – एक वडील, नाशिक

उत्तर: होय, पण दुरुस्त होण्यासारखे चुकलात. मोठ्या तिघांसमोर एकट्या लहानाने हात उचलायचा म्हणजे मारही त्यानेच खायचा आणि ‘बाबांना हवा तसा मी नाही’ हे ओझेही त्यानेच वाहायचे. नॉर्वेत १९८३ मध्ये शाळांमधील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम उभी करणारे डॅन ओल्वेउस यांनी या छळाची तीन लक्षणे सांगितली: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. ही मुलांची साधी थट्टामस्करी नाही. इथे मोठ्यांनीच मध्ये पडायला हवे.

तारीख, वार आणि काय घडले याची वहीत नोंद करा आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. व्हॅनमध्ये कोण कुठे बसेल, चालकाच्या मागची जागा कोणाला मिळेल, हे तिथे ठरू शकते. त्या तिघांच्या घरी रागाच्या भरात जाऊ नका, ते शाळेमार्फतच होऊ द्या. आणि व्हॅनमधल्या उरलेल्या मुलांविषयी शिक्षकांशी अवश्य बोला. टोरँटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले होते की बघ्यांपैकी कोणी मध्ये पडले, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला; पण मध्ये पडणारी मुले फार थोडी होती, कारण त्यांना ‘चहाडखोर’ ठरण्याची भीती असते. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी आणि कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत, हा फरक वर्गात एकदा नीट उलगडून सांगितला पाहिजे.

मुलगा लगेच बोलणार नाही. त्याला सांगा की मारायला सांगितले ते तुमचे चुकले आणि आता शाळेशी तुम्ही बोलणार आहात. कोणाशी, कधी आणि काय बोलणार, तेही त्याला आधी सांगा. ‘शाळा कशी झाली?’ याला ‘बरी’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी काही दिवस रोज संध्याकाळी, शक्यतो सोबत चालताना, एवढेच विचारा: ‘आज व्हॅनमध्ये कुठे बसला होतास?’